दहा वर्षे चालेल असा संगणक

(पालक व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. छापताना काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



घरच्या रोजच्या साध्या कामासाठी संगणक कोणता घ्यावा, हा आजचा विषय आहे. या व्यासपीठावरून शिक्षण, समाज, राष्ट्र असे मोठे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने हा विषय दुकानातला वाटेल. तथापि मी तो हट्टाने मागून घेतला, कारण दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक भेटतात आणि एकच प्रश्न विचारतात. कोणी भिशीचे पैसे उचललेले असतात, कोणाचे भाऊ आखातातून पैसे पाठवणार असतात, तर कोणी शिवणकाम करून वर्षभर बाजूला टाकलेले असतात. हे पैसे एकदाच जमतात. दोन-तीन वर्षांत यंत्र निकामी झाले तर दुसरे घेण्याची ऐपत पुष्कळ घरांत नसते, आणि मग शिकणाऱ्या मुलांपैकी धाकट्याच्या, विशेषतः धाकटीच्या, वाट्याला काहीच येत नाही. म्हणून यंत्र वेगवान किती यापेक्षा ते टिकेल किती, हा प्रश्न आधी विचारावा असे माझे मत आहे.

प्रथम एक शंका दूर करू. "मोबाइल आहेच, मग संगणक कशाला?" असे काही जण म्हणतात. मोबाइल पाहण्यासाठी व ऐकण्यासाठी उत्तम आहे. पण चार पानांचा निबंध लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून त्याला दाखले जोडणे, प्रवेशाची यादी आणि माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचणे, ही कामे अंगठ्याने करावयाची नव्हेत. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या रात्री मुलाला नाक्यावरच्या ऑनलाइन सेवेच्या दुकानात धाडता येते, मुलीला धाडावयास आपण कचरतो. आपले हे कचरणे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, पण त्यापायी तिचा अर्ज राहून जाऊ नये एवढे तरी पाहिले पाहिजे.

दुसरी शंका लॅपटॉपची. ज्याला रोज यंत्र घेऊन कॉलेजला जावयाचे आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण घरात एका टेबलावर ठेवून चौघांनी वापरावयाचे असेल तर टेबलावरचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप, अधिक टिकतो. लॅपटॉपची बॅटरी झिजते, बिजागरी सैल होते, कळफलकावर चहा सांडला तर तो थेट यंत्राच्या पोटात जातो. डेस्कटॉपच्या कळफलकावर चहा सांडला तर काही शे रुपयांचा नवा कळफलक आणला की भागते. पडदा गेला तर पडदा बदलावा, माऊस गेला तर माऊस. एक अवयव गेल्याने सारे शरीर जात नाही, ही त्याची खरी थोरवी आहे.

ही सोय कोठून आली तेही थोडक्यात सांगतो. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याचे बरेचसे भाग तिने बाहेरून घेतले होते आणि त्याची रचना उघड ठेवली होती. त्यामुळे इतरांनाही त्यात बसणारे भाग बनविता आले. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरविले. मुख्य पट्टी केवढी, स्क्रूची भोके कोठे, वीजपुरवठ्याचा डबा केवढा, हे सारे त्यात आले. म्हणून आजही एका कंपनीच्या पेटीत दुसऱ्या कंपनीचा वीजपुरवठा बसतो. ज्या यंत्रात ही मापे पाळली आहेत त्याचा सुटा भाग दहा वर्षांनीही तालुक्याच्या गावी मिळण्याची आशा असते. जेथे कंपनीने स्वतःचेच वेगळे माप काढले आहे, तेथे तो भाग मिळणे त्या कंपनीच्या मर्जीवर राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संगणक निकामी होतो म्हणजे नेमके काय होते? पंखा किंवा मिक्सर बिघडला की बंद पडतो. संगणकाचे बहुधा तसे होत नाही. तो धडधाकट असतो, पण त्याच्यात चालणारी कार्यप्रणाली बनविणारी कंपनी एका ठरावीक दिवशी सांगते की आता यापुढे सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी असा निरोप मिळाला, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडत नाही, पण हळूहळू इतर प्रोग्रॅमही त्याचा हात सोडतात. विंडोज ७ वर क्रोम हा ब्राउझर २०२३ च्या आरंभापासून नव्या आवृत्तीत मिळेनासा झाला. ब्राउझर जुना झाला की बँकेचे पान कुरकुर करू लागते, आणि घरातली मंडळी म्हणतात, "कॉम्प्युटर खराब झाला."

विंडोज १० च्या निरोपाचा प्रसंग आपण नीट समजून घ्यावा, कारण आज जुना संगणक विकत घेणाऱ्याची फसगत येथेच होते. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही २०२१ सालची. तिने अट घातली की यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षिततेची सोय असावी आणि प्रोसेसर ठरावीक पिढीचा असावा. इंटेलच्या बाबतीत ही पिढी, थोडे अपवाद सोडता, आठवी व तिच्या पुढची आहे. गंमत अशी की इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय-५ ७४०० हा २०१७ च्या आरंभी आला आणि आठव्या पिढीचा आय-५ ८४०० त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात. एकाच वर्षात दोघा शेजाऱ्यांनी दोन यंत्रे घेतली. एकाला पुढची विंडोज मिळाली, दुसऱ्याला नाही. दुसऱ्याचे यंत्र साध्या कामाला काही कमी होते असे नव्हे. रेष त्याच्या अलीकडे ओढली गेली, एवढेच.

म्हणून दुकानात गेल्यावर "आय-५ आहे, साहेब" एवढ्यावर समाधान मानू नका. "आय-५" हे घराण्याचे नाव आहे, वय नव्हे. वय त्यापुढच्या आकड्यात असते. त्या आकड्यातले शेवटचे तीन अंक झाकावेत. जे उरेल ती पिढी. २४०० म्हणजे दुसरी पिढी, ती २०११ ची. ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. २०२३ नंतर इंटेलने नव्या मालाची नावे बदलून "आय" हे अक्षर गाळले आहे, पण जुन्या मालासाठी हा हिशेब आजही लागू पडतो. एएमडी कंपनीच्या रायझन मालात विंडोज ११ साठी २००० च्या क्रमांकापासून पुढचे, काही वगळता, चालतात. यंत्र चालू असेल तर "सेटिंग्ज"मध्ये "सिस्टिम" व त्यात "अबाउट" उघडावे. प्रोसेसरचे पूर्ण नाव तेथे लिहिलेले असते. पेटीवर चिकटवलेल्या चकचकीत लेबलापेक्षा तेथे लिहिलेल्यावर विश्वास ठेवावा.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी मुलीसाठी एका शहरातून जुना संगणक आणला. लेबल आय-५ चे, भाव स्वस्त, आणि दुकानदाराने वर विंडोज ११ घालून दिलेली. आत पाहिले तर प्रोसेसर २०११ चा. अटी चुकवून बसवलेल्या अशा विंडोजला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी तिची कंपनी देत नाही. गृहस्थ म्हणाले, "सर, मी आय-५ मागितला, त्याने आय-५ दिला, मग खोटे कोठे बोलला?" त्यांचे म्हणणे खरेच होते. विकणारा खोटे बोलला नव्हता. घेणाऱ्याने काय विचारावे हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

याचा अर्थ जुने यंत्र घेऊच नये असा मात्र नाही. उलट माझा कल तिकडेच आहे. मोठ्या कचेऱ्या आपले संगणक तीन ते पाच वर्षांनी बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर, ही नावे त्या कचेरीच्या मालाची होत. हा माल दिवसाचे आठ-दहा तास चालावा या हिशेबाने केलेला असतो, पेटी सहज उघडते, आत धूळ साफ करता येते, आणि कंपनीने दुरुस्तीची पुस्तिका प्रसिद्ध केलेली असते. घरगुती मालाची पेटी अनेकदा अधिक देखणी असते, पण आत हात घालावयास जागा नसते. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असा कचेरीचा संगणक घेऊन त्यात नवी एसएसडी बसविली तर सामान्य कुटुंबाचे काम वर्षानुवर्षे भागते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. यातील लहान आकाराच्या पेट्यांत वीजपुरवठा कंपनीच्या खास मापाचा असतो. तो मिळण्याची सोय कोठे आहे ते आधी विचारून ठेवावे.

एसएसडीचे नाव आलेच आहे, तर त्याविषयी दोन शब्द. पूर्वीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असे आणि एक बारीक दांडा तिच्यावरून सरकत माहिती शोधत असे. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. जुना संगणक हळू झाला म्हणून टाकून देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून एसएसडी घालून पाहा. एवढ्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही. "एसएसडी झिजते म्हणे," असे काही जण विचारतात. झिजते हे खरे. पण ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला तीनशे टेराबाइट लिहिण्याची हमी असते, असे धरू. घरात रोज वीस जीबी लिहिले गेले, जे प्रत्यक्षात फारसे होत नाही, तरी पंधरा हजार दिवस लागतील. म्हणजे एकेचाळीस वर्षे. एसएसडीचा खरा दोष वेगळा आहे. हार्ड डिस्क जाण्यापूर्वी बहुधा कटकट आवाज करून सूचना देत असे. एसएसडी मुकाट्याने जाते. तेव्हा दाखले, गुणपत्रिका आणि फोटो यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवलीच पाहिजे, आणि ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवावयाची नाही.

रॅम म्हणजे कामचलाऊ स्मृती. ती आज ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. दहा वर्षांचा विचार असेल तर १६ जीबी असावी, पण ती पहिल्याच दिवशी असली पाहिजे असे नाही. एक खाच मोकळी आहे ना, हे पाहावे. २०२५ च्या अखेरीपासून जगभर स्मृतीचे भाव भडकले, ते आपल्या गावच्या दुकानातही जाणवले. अशा वेळी ज्याच्या यंत्रात मोकळी खाच असते तो थांबू शकतो. ज्या यंत्रात रॅम मुख्य पट्टीवर डाक देऊन कायम बसवलेली असते, तेथे घेतानाच पुढच्या दहा वर्षांचा अंदाज करावा लागतो. ॲपलचा मॅक मिनी हे यंत्र मजबूत व कमी विजेचे आहे, पण त्याच्या नव्या मालात स्मृती मागाहून वाढवता येत नाही, म्हणून मी ते सर्वांना सुचवत नाही.

प्रोसेसर, रॅम, डिस्क यांविषयी सारेच बोलतात. ज्याविषयी कोणी बोलत नाही आणि ज्यापायी सर्वांत अधिक संगणक अकाली मरतात ती गोष्ट म्हणजे वीज.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. संगणकाच्या आत लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हे रूपांतर करणारा पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. जोडणी केलेला स्वस्त संगणक घेतला की दुकानदार प्रोसेसर चांगला देतो, कारण गिऱ्हाईक तो विचारते. पेटीला रंगीत दिवे देतो, कारण ते डोळ्यांत भरतात. आणि काटकसर करतो ती या डब्यात. हातात घेतला तर तो हलका लागतो, कारण आत असावयास हवे ते पुरते नसते. विजेचा एक झटका येतो, हा डबा जातो आणि जाता जाता मुख्य पट्टीलाही घेऊन जातो. वर सांगितलेल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या घरी असेच झाले. संगणक सहा महिन्यांचा, दिवे शाबूत, बाकी सारे गेले. दिवे नसलेली साधी पेटी घ्या आणि वाचलेले पैसे या डब्यावर घाला. त्यावर "८० प्लस" हे कार्यक्षमतेचे चिन्ह असलेला, नामांकित कंपनीचा, किमान तीन वर्षांच्या हमीचा डबा मागावा. साध्या कामाला फार मोठ्या वॅटचा लागत नाही. आकडा मोठा असण्यापेक्षा तो खरा असणे महत्त्वाचे.

आपल्या कोकणपट्टीत तर याला आणखी दोन शत्रू आहेत. एक खारी दमट हवा आणि दुसरा वीज कडाडणे. मृगाआधीचा वळीव आणि परतीचा पाऊस या दोन्ही वेळी विजा अधिक पडतात. अशा वेळी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून ठेवावा. आणि त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. लोक प्लग काढतात, तार विसरतात, आणि झटका तारेवाटे येतो. फायबरची काचेची तार स्वतः वीज वाहत नाही, पण ती ज्या छोट्या पेटीला जोडलेली असते तिचा प्लग काढावयास हवाच.

घराचे अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, त्या याच कारणाने. जे पैसे आपण अँटिव्हायरसच्या रंगीत डबीवर घालतो, ते आधी अर्थिंगवर घालावेत, असे मी तरी म्हणेन. विंडोजमध्ये विषाणूविरोधी सोय तिच्याबरोबरच येते.

यूपीएस घ्यावाच. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एका साध्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो, ती काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी. त्या वेळात नाटक पाहत बसू नये. त्याच्या आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन ते चार वर्षांत थकते. त्या वेळी यूपीएस फेकून न देता बॅटरीच बदलावी. आणि लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीच्या सॉकेटला कधीही जोडू नका. कागद तापवताना तो एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो.

विजेच्या बिलाचाही थोडा हिशेब पाहू. समजा जुनी मोठी पेटी ८० वॅट खाते आणि नवी लहान पेटी २५ वॅट. रोज सहा तास चालविले तर वर्षाला सुमारे १२० युनिटांचा फरक पडतो. दहा वर्षांत हे १२०० युनिट होतात. हा आकडा अगदीच दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्यापायी चालते यंत्र मोडीत काढावे एवढा मोठाही नाही.

पडदा आणि संगणक एकाच साच्यात असलेला "ऑल-इन-वन" पुष्कळांना आवडतो. टेबलावर शोभून दिसतो हे खरे. पण त्याचा पडदा गेला की संगणक अडतो आणि संगणक जुना झाला की चांगला पडदा वाया जातो. दीर्घकाळाचा विचार करणाऱ्याने तो टाळावा. वेगळा पडदा दोन संगणकांचे आयुष्य पाहू शकतो. अलीकडे इंटेल एन-१०० या २०२३ सालच्या प्रोसेसरवरचे तळहाताएवढे संगणकही मिळतात. लिहिणे, वाचणे, अर्ज, धड्यांचे व्हिडिओ एवढ्याला ते पुरतात आणि वीज फार थोडी खातात. मात्र त्यातले पुष्कळसे अनोळखी नावांनी विकले जातात; विकणारा पुढच्या वर्षी त्याच नावाने दुकानात असेल का, हे आपणच अजमावावे.

आता यंत्रात चालणाऱ्या गोष्टींविषयी. चोरीची विंडोज घालू नये. हा जसा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे तसाच व्यवहाराचाही, कारण ती "फोडून" देणारा प्रोग्रॅम सोबत काय घेऊन येतो हे बसवणाऱ्यालाही ठाऊक नसते. कचेरीच्या जुन्या यंत्रांबरोबर बहुधा मूळची परवानगी असते. ती चालू आहे का हे "सेटिंग्ज"मधील "ॲक्टिव्हेशन"मध्ये दिसते. आणि ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या रेषेअलीकडे राहिले आहे त्यांनी हताश होऊ नये. लिनक्स ही फुकट व रीतसर मिळणारी कार्यप्रणाली आहे. तिच्या उबुंटू या प्रकाराची दर दोन वर्षांनी निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे दुरुस्त्या पुरवते. लिनक्स मिंट त्याच पायावर उभी आहे आणि विंडोजची सवय असलेल्याला ती परकी वाटत नाही. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ पासून "बॉस" नावाची लिनक्स भारतीय भाषांसह उपलब्ध केली आहे. ब्राउझर, लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस आणि व्हिडिओ एवढे ज्याला पुरेसे आहे त्याचे यंत्र लिनक्सवर आणखी कितीतरी वर्षे चालते. एखादा विशिष्ट प्रोग्रॅम, उदाहरणार्थ टॅली, ज्याला रोज लागतो त्याने मात्र विंडोजच ठेवावी.

यंत्र टिकले पण त्यात लिहिलेले टिकले नाही, तर काय उपयोग? हा मुद्दा मराठी आणि उर्दू लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी मजकूर अशा फॉन्टांत टाइप होत आला की फॉन्ट काढून घेतला तर उरतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. कितीतरी शाळांचे जुने अहवाल, निकालपत्रके, स्मरणिकांचे मजकूर अशा स्वरूपात पडून आहेत. उर्दूसाठी नव्वदच्या दशकात इनपेज आले आणि कातिबाचे व छापखान्याचे काम पुष्कळ सोपे झाले. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूरही त्या प्रोग्रॅमबाहेर सरळ वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात लिहिलेला मजकूर यंत्र बदलले, कार्यप्रणाली बदलली तरी वाचता येतो. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आणि उर्दूचा कळफलक दोन्ही आधीपासून असतात, फक्त "लँग्वेज"मध्ये जाऊन चालू करावे लागतात. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून नस्तालीक वळणाचा उर्दू फॉन्टही सोबत येतो. तेव्हा नवा संगणक आणला की पहिल्या आठवड्यात मुलांना इनस्क्रिप्ट शिकवावा. शिक्षकांनी हे मनावर घेतले तर शाळेच्या दप्तराचेही कल्याण होईल.

देखभाल म्हणाल तर ती फार नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, प्लग काढून पेटी उघडावी आणि मऊ ब्रशने धूळ काढावी. पंखा साफ करताना त्याचे पाते बोटाने धरावे. यंत्र भिंतीला टेकवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये, जमिनीवर तर नकोच. झाडू मारताना उडणारी सारी धूळ ते पोटात घेते. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालू ठेवावे, म्हणजे आतली दमट हवा सुकते.

आणि एक लहानशी गोष्ट, जिच्यापायी चांगली यंत्रे दुरुस्तीला जातात. मुख्य पट्टीवर एक रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. नावातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तो करतो. काही वर्षांनी तो संपला की दर वेळी तारीख जुनी दिसू लागते. तारीख चुकली की ब्राउझर बँकेचे किंवा शासनाचे पान असुरक्षित समजून उघडत नाही, आणि घरात हाहाकार होतो की व्हायरस आला. काही थोड्या रुपयांचा सेल घड्याळजीकडेही मिळतो. आमच्या एका शाळेतील दोन संगणक या सेलापायी वर्षभर चादरीखाली झाकून ठेवलेले होते.

शाळांविषयी एवढेच सांगतो. देणगीदार यंत्रे देतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढच्या वर्षी सेल, यूपीएसची बॅटरी आणि एखादा एसएमपीएस यांसाठी रक्कम मागावयास गेले की देणगीदाराला त्यात रस नसतो. संस्थेच्या अंदाजपत्रकात संगणकांच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम दरवर्षी देखभालीसाठी वेगळी ठेवावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांस नम्र सूचना आहे. दहा नवी यंत्रे घेण्याऐवजी आठ घ्यावीत, पण ती चालू ठेवावीत.

खरेदीच्या दिवशी पक्के बिल घ्यावे. त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम किती, एसएसडी किती व कोणती, आणि प्रत्येक भागाची हमी किती महिन्यांची, हे लिहून घ्यावे. जुना माल असला तरी बिल घ्यावे. जो बिल देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. दुकानातच यंत्र अर्धा तास चालवून पाहावे, बंद करून पुन्हा चालू करावे, सगळी यूएसबीची भोके एकेक करून तपासावीत. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

जुने यंत्र घरातून काढताना त्यातली डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी. त्यात आपले आधार कार्ड, बँकेचे कागद, मुलींचे फोटो असतात. चालते यंत्र असेल तर लिनक्स घालून एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावे. अगदीच गेलेले असेल तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. तार जाळून तांबे काढण्याचा जो धंदा चालतो त्याचा धूर त्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा नोंदणीकृत संकलन केंद्र कोठे आहे हे कंपनीला किंवा नगरपालिकेला विचारावे आणि यंत्र तेथे पोचवून पावती घ्यावी.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांनी खरेदी ठरविली आहे त्यांनी दुकानाचे कोटेशन सोबत आणले असेल तर घेऊन पुढे यावे. आपण ते एकत्र वाचू.